होडीच्या बुडाला हात देताना

कोजागिरी ते दिवाळीचा पाडवा हा पंधरवडा आम्ही चौघे मित्र दर वर्षी राखून ठेवतो. दोघे गिरगावातले, एक परळचा, एक लालबागचा. साडेसहा मीटर लांबीची, फायबरची, शिडाची एक जुनी होडी आमच्या चौघांत आहे. मे महिन्यात तिला पाण्याबाहेर काढतो, पावसाळाभर ती ताडपत्रीखाली असते, आणि पाडव्याच्या भरतीला ती पुन्हा बंदरात उतरते. मधला पंधरवडा तिच्या बुडाचा. हल्ली नव्यानं होडी घेतलेली बरीच तरुण मंडळी या कामाबद्दल विचारायला येतात आणि पहिला प्रश्न हमखास असतो, ‘रंग कुठल्या कंपनीचा घेऊ?’ तो प्रश्न बराच पुढचा आहे. त्याच्या आधी काय काय समजून घ्यावं लागतं, ते इथे लिहितो.

आधी तुमच्या होडीला या रंगाची, म्हणजे अँटिफाउलिंगची, गरज आहे का, ते पाहा. ऑप्टिमिस्ट, लेझर किंवा तत्सम छोटी होडी शिकाऊ मुलं सकाळी उतरवतात आणि दुपारी ट्रॉलीवर चढवून गोड्या पाण्यानं धुतात. तिच्या बुडावर काही उगवायला वेळच मिळत नाही. तिला अँटिफाउलिंग लावलंत तर पैसे जातील, बूड खरखरीत होईल आणि होडी उचलणाऱ्यांच्या हाताला विषारी रंग लागेल तो वेगळाच. हे काम आहे ते आठवडेच्या आठवडे नांगरावर किंवा मूरिंगवर पाण्यात राहणाऱ्या होडीसाठी.

अशी उघडी होडी मुंबईच्या पाण्यात राहिली, तर पहिल्या काही तासांतच बुडावर बुळबुळीत थर धरायला लागतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि एकपेशीय शेवाळं यांचा तो थर. मागून बार्नेकलची पिल्लं येतात. बार्नेकल शिंपल्यासारखा दिसतो म्हणून आपण त्याला कालवांच्या जातीत टाकतो, पण तो चिंबोरी आणि कोळंबीचा भाऊबंद आहे. चार्ल्स डार्विननं याच प्राण्याच्या अभ्यासात आठ वर्षं घालवली होती. बार्नेकलचं पिल्लू जागा शोधत पृष्ठभागावर अक्षरशः चाचपडत चालतं, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूनं स्वतःला चिकटवून घेतं आणि भोवती चुन्याचं घर बांधतं. एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच. आपला सगळा खटाटोप त्याच्या या चाचपडण्याच्या क्षणासाठी असतो. त्या वेळी पृष्ठभाग त्याला नकोसा वाटला पाहिजे. चिकटून बसलेल्या बार्नेकलला नंतर कुठलाही रंग उठवू शकत नाही.

थंड देशांत ही पिल्लं वर्षातले काही महिनेच येतात. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमट असतं, त्यामुळे त्यांची ये-जा जवळजवळ कधीच थांबत नाही. मुंबई बंदराचं पाणी गढूळ असल्यानं खोलवर उजेड पोचत नाही आणि हिरवं शेवाळ मुख्यतः पाण्याच्या रेघेलगतच वाढतं. बार्नेकलला उजेडाची पर्वा नसते. कीलच्या तळाशी, जिथे कोणी पाहत नाही, तिथे तो सर्वांत सुखात असतो.

याचा परिणाम केवढा होतो, ते टापिओ लेहतिनेन या फिनलंडच्या खलाशानं भोगलं आहे. आपल्या अभिलाष टॉमीनं २०१८ साली ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भाग घेतला होता आणि हिंदी महासागरातल्या वादळात जबर जखमी झाल्यामुळे ज्यातून त्याला बाहेर पडावं लागलं, त्याच शर्यतीत लेहतिनेन होता. त्याच्या बोटीच्या बुडावर बार्नेकलांचं रान माजलं. पृथ्वीप्रदक्षिणा त्यानं पूर्ण केली, पण ३२२ दिवसांनी. बोट तीच, माणूस तोच, वाराही इतरांना मिळाला तोच. बूड तेवढं बिघडलं होतं.

आता मुख्य मुद्दा. अँटिफाउलिंगला आपण रंग म्हणतो, डब्यात तो रंगासारखाच दिसतो आणि रोलरनंच लागतो. तरी त्याचं काम भिंतीच्या किंवा दाराच्या रंगापेक्षा अगदी उलटं आहे. दाराचा ऑइलपेंट टिकावा म्हणून लावतात. हा रंग हळूहळू विरघळावा म्हणून लावायचा. त्यात असतं ते प्रामुख्यानं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं लालसर भस्म. समुद्राच्या पाण्यात ते कणाकणानं विरघळतं आणि बुडाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळशा थरात तांब्याचं प्रमाण वाढतं. पिल्लाला तेच नकोसं होतं. म्हणून या रंगाकडे औषधाची मात्रा म्हणून पाहावं. मात्रा किती दिली, म्हणजे थर किती जाड झाला आणि तो किती वेगानं झिजतो, यावर ती किती महिने पुरेल ते ठरतं. चकाकीला इथे काडीची किंमत नाही.

तांब्याचा हा गुण नवा नाही. ब्रिटिश नौदलानं १७६१ साली ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. बुडावर काही चढेना आणि लाकूड पोखरणारा तेरेडो किडाही आत शिरेना. पुढे तांब्यानं मढवलेल्या जहाजांचा जमाना आला, तो आपल्या वाडियांचाही जमाना. लवजी नसरवानजी वाडियांनी १७५० मध्ये बांधलेली सुकी गोदी लायन गेटच्या आत आजही आहे. त्यांच्याच घराण्यातल्या जमशेटजींनी मलबारी सागवानाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

पण तांबं समुद्रात झिजतं, ही नौदलाला खर्चाची बाब वाटली. हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये उपाय काढला. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, की झिजायचं काम ते तुकडे करतात आणि तांबं शाबूत राहतं. उपाय इतका बिनचूक ठरला की तांबं झिजायचं थांबलं आणि थांबताक्षणी त्याच्यावर बार्नेकल चढू लागले. ही गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण पुढच्या निम्म्या सूचना तिच्यातूनच निघतात. वापरून संपलेला थर बुडावर दिसत असला तरी तो काम करत नसतो. चांगल्या थरावरून ऑइलपेंटचा हात मारला तर खालचं औषध कोंडलं जातं. आणि जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे डेव्हीचेच ते झिजणारे तुकडे, जिथे लावायचे असतात तिथे लावावेत, पण त्यांच्यावर रंगाचा थेंबही पडू देऊ नये, कारण त्यांनाही झिजूनच काम करायचं असतं.

कामाची सुरुवात ऑक्टोबरात होत नाही, मे महिन्यात होते. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. त्याच्या आसपास वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांत होड्या शाकारायची लगबग दिसते. आपली होडी त्याच सुमारास वर येते. ती आली की त्याच दिवशी, बूड ओलं असतानाच खरवडायला घ्या. ओला बार्नेकल पत्र्याच्या एका झटक्यात निघतो. दोन दिवस उन्हात वाळला की त्याची चिकी दगडासारखी होते आणि तो निघताना खालच्या जेलकोटचा टवका घेऊन येतो. आम्ही पहिल्या वर्षी ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणून होडी तशीच झाकली. ऑक्टोबरात तीन रविवार फक्त खरवडण्यात गेले आणि कीलच्या पुढच्या कडेला बोटभर लांबीचे सात-आठ खड्डे पडले. खरवडायला धारदार पत्रा नको, रंगारी वापरतात तो बोथट कोपऱ्यांचा घ्या आणि कोपरे कानशीनं आणखी गोल करून घ्या. मग दाबाच्या पाण्यानं बूड स्वच्छ धुवा.

आता ज्या भागावर मला सर्वांत जास्त आग्रहानं लिहायचं आहे, तो. जुना रंग कोरडा घासू नका. कितीही घाई असली तरी नका. त्याची भुकटी फुप्फुसात गेली तर अपाय करते, डोळ्यांत गेली तर करते, आणि वाऱ्यावर उडून शेजारच्या वस्तीत गेली तर तिथल्या लेकरांनाही करते. ८० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, ओला ठेवूनच घासायचा. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा. तोंडावर कापडी फडकं बांधून भागत नाही. घासताना बारीक धूळ अडवणारं फिल्टर आणि रंग लावताना त्याच्या वासाची वाफ अडवणारं काडतूस, असे बदलता येणारे भाग असलेला मास्क घ्या. सुरक्षेच्या सामानाची दुकानं नागदेवी स्ट्रीट परिसरात आहेत. तिथेच हा मास्क तोंडावर लावून, कडेनं हवा येत नाही ना हे पाहून मगच विकत घ्या. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

होडीखाली आधी ताडपत्री अंथरा, कडा विटांवर उचलून तिचं उथळ ताट बनवा. खरवडलेलं सगळं, घासलेलं पाणीसुद्धा, त्या ताटात जमलं पाहिजे. पाणी निवळू द्या आणि खालचा गाळ गोळा करून झाकणाच्या डब्यात भरा. त्याची जागा कचऱ्याची कुंडी नाही, गटार नाही आणि समुद्र तर नाहीच. रंगाचा असा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. होडी जिथे ठेवता तिथल्या व्यवस्थापनाला काम सुरू करण्याआधीच विचारा की हा डबा ते कोणाकडे सोपवतात. मुंबईच्या टापूत तळोज्याला अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे. व्यवस्थापनाकडे उत्तर नसेल तर उत्तर मिळेपर्यंत डबा जपून ठेवा. जाळू मात्र नका.

यात मी एवढा अडून का बसतो? ओहोटीला खडकांवर बसून कोयतीनं कालवं फोडणाऱ्या कोळणी तुम्ही पाहिल्या असतील. कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातलं तांबं त्यांच्या अंगात साठतं. जगानं हा धडा फार महाग घेतला. १९७०च्या दशकात ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं औषध रंगात सर्रास आलं. बार्नेकलांवर इतकं जालीम दुसरं काही नव्हतं. पण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, पैदास खुंटली आणि कालवं पिकवणारी गावं उघड्यावर आली. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान होड्यांना ते औषध बंद केलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो जगभर लागू झाला. म्हणून कोणी ‘जुन्या स्टॉकातला जबरदस्त माल’ म्हणून बिनलेबलचा डबा देऊ लागलं तर घेऊ नका. सायब्युट्रिन हे औषधही २०२३ पासून त्याच करारात बंद झालं आहे. डब्यावर घटकांची नावं छापलेली नसतील तर तो डबा आपला नाही.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की बूड पुन्हा तपासा. फायबरच्या होडीवर जेलकोटला फोड आले आहेत का, हे तिरप्या उजेडात पाहावं, संध्याकाळच्या वेळी बॅटरी बुडाला टेकवून. बारीक टवक्यांत इपॉक्सीची लांबी भरा. भिंतीची किंवा खिडकीच्या काचेची लांबी इथे चालत नाही, पाण्यात ती आठवड्यात भुसभुशीत होते. उघड्या पडलेल्या फायबरला किंवा कीलच्या लोखंडाला आधी इपॉक्सीचं अस्तर द्यायचं. लोखंडावर तांब्याचा रंग थेट लागला, की डेव्हीच्याच नियमानं लोखंड झिजायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमची होडी असेल तर धोका कितीतरी मोठा. तिथे क्युप्रस ऑक्साइडचा रंग वापरूच नये, अ‍ॅल्युमिनियमसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा. होडी कोरी असेल तर साच्यातून येताना तिच्या अंगावर मेण राहिलेलं असतं. ते योग्य द्रावकानं पुसून, घासून काढलं नाही तर सगळा रंग पापडासारखा सुटून येईल. मेण गेलं की नाही हे पाणी शिंपडून कळतं. थेंब गोल राहिले तर मेण आहे, पाणी पसरलं तर गेलं.

आता रंग कुठला, या प्रश्नाकडे येऊ. ढोबळ दोन जाती आहेत. एक कडक रंग. त्यातलं औषध झिरपून जातं आणि सांगाडा मागे राहतो, त्यामुळे वर्षागणिक थरावर थर चढत जातात. दुसरा झिजणारा रंग, जो औषधासकट स्वतःही विरघळत जातो. शर्यतीसाठी बूड घासून गुळगुळीत ठेवणाऱ्यांना पहिला बरा. आमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी शीड उभारणाऱ्यांना मी दुसरा सुचवेन, कारण त्यात जुन्या थरांचं ओझं साचत नाही. मात्र एक गोम आहे. मोठ्या जहाजांसाठी बनवलेले झिजणारे रंग वेगानं धावणाऱ्या जहाजाच्या घर्षणावर बेतलेले असतात. आपली होडी आठवड्यातले सहा दिवस मूरिंगवर उभी, आणि सातव्या दिवशी धावली तरी चार-पाच नॉट. तिच्यावर तो रंग झिजणारच नाही आणि न झिजलेला रंग म्हणजे न दिलेलं औषध. दुकानदाराला ‘कमी वेगाची, बराच काळ उभी राहणारी होडी’ असं सांगा आणि डब्याबरोबर कंपनीचं माहितीपत्रक मागून घ्या. जुना रंग कुठला होता ते ठाऊक नसेल तर नव्याचं त्याच्याशी जमेल का, हे सांगता येत नाही. मधे बंदिस्त करणारा प्रायमर द्यावा, तो खर्च वाया जात नाही.

किती रंग लागेल याचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या रेघेवरची लांबी घ्या. तिला रुंदी आणि बुडीत खोली यांच्या बेरजेनं गुणा. आलेल्या आकड्याचा पाऊण हिस्सा, म्हणजे मध्यम बांध्याच्या होडीचं बुडीत क्षेत्र. आमची रेघ ५.५ मीटर, रुंदी २.२, खोली १. बेरीज ३.२, गुणाकार १७.६, त्याचा पाऊण हिस्सा १३.२ चौरस मीटर. एक लिटर रंग प्रत्यक्षात साधारण ८ चौरस मीटर पुरतो. तीन हातांना पाच लिटर हवा. पाच लिटर आणलेला रंग तीन हातांनंतर निम्मा उरला, तर कौतुक करू नका. हात पातळ बसले आहेत आणि औषध फेब्रुवारीतच संपेल. आम्ही उरलेला रंग डब्यात कधीच ठेवत नाही. जिथे झीज जास्त, म्हणजे कीलची आणि सुकाणूची पुढची कड, नाळेचा भाग आणि पाण्याची रेघ, तिथे चौथा हात देऊन डबा रिकामा करतो.

हवामानाचं गणित मुंबईत वेगळं आहे. ऑक्टोबरात दिवसा उन्हाचा तडाखा आणि पहाटे दव. कोजागिरीच्या चांदण्यात गच्चीवर बसलेल्या प्रत्येकाला रात्री सतरंजी दमट लागलेली आठवत असेल. तेच दव होडीच्या बुडावर बसतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. नियम असा, की बुडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे बूड २७ अंशांच्या वर तापलेलं पाहिजे. आम्ही नऊच्या आधी डबा उघडत नाही आणि चारनंतर नवा हात सुरू करत नाही. उलट भर दुपारी तळपत्या उन्हातल्या बाजूवर रंग रोलरखालीच सुकतो आणि ओढला जातो. म्हणून सावलीच्या मागे फिरायचं. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीवर रंग चढवताना कारागीर हवेकडे कसे लक्ष ठेवून असतात, ते आम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. श्रावणातल्या त्यांच्या दमट दिवसांपेक्षा आपला ऑक्टोबर सोपाच म्हणायचा.

डबा उघडल्यावर ढवळणं हे काम कोणाला तरी पूर्ण वेळ द्या. तांब्याचं भस्म जड असतं, ते तळाशी चिखलासारखं बसलेलं असतं. वरवर ढवळून ओतलं तर अर्ध्या होडीला नुसतं रेझिन लागेल आणि उरलेल्या अर्धीला लापशी. सपाट पट्टीनं तळ खरवडत, किमान दहा मिनिटं, मग दर थोड्या वेळानं पुन्हा. रंग घट्ट वाटला तरी माहितीपत्रकात लिहिलंय त्यापेक्षा जास्त थिनर घालू नका. थिनर घातला की थर पातळ होतो, आणि मात्रा कमी करून तीच मे महिन्यापर्यंत पुरवायची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

पाण्याची रेघ चिकटपट्टीनं आखून घ्या, पण जिथे पाणी टेकतं तिथून पाच-सात सेंटिमीटर वर. चार माणसं आणि नांगर, साखळी, पाण्याचे कॅन चढल्यावर होडी खाली बसते, आणि लाटेच्या चुबकीनं रेघेवर कायम ओल असते. हिरवी दाढी तिथेच उगवते. रोलर आखूड केसांचा, कानाकोपऱ्यांना ब्रश. पहिला हात आम्ही लाल रंगाचा देतो आणि पुढचे निळे. मार्चच्या सुमारास कुठे लाल डोकावू लागलं, की तिथलं औषध संपत आलं हे न मोजता कळतं. चिकटपट्टी रंग पुरता वाळायच्या आत काढा. दोन हातांत किती तास जाऊ द्यायचे, आणि शेवटच्या हातानंतर कमीत कमी व जास्तीत जास्त किती वेळानं होडी पाण्यात गेली पाहिजे, हे माहितीपत्रकात असतं. जास्तीत जास्तचा आकडा लोक वाचत नाहीत. काही रंग हवेत फार दिवस राहिले तर त्यांची वरची कातडी निकामी होते.

रंग कुठे लावायचा नाही, तेही पाहा. अ‍ॅनोड सांगितलेच. खोली मोजणारं यंत्र असेल तर त्याच्या तोंडाला तांब्याचा रंग नको, त्याच्यासाठीचा खास पातळ रंग येतो. ज्या टेकूंवर होडी उभी आहे, त्यांच्याखालची जागा रंगायची राहते. टेकू स्वतः हलवायचा मोह आवरा. होडी उतरवताना पट्ट्यांवर उचलली जाते, तेव्हा ते ठिगळ आणि कीलचा तळ रंगवून घ्यायला वेळ मिळावा, असं क्रेनवाल्याशी आधीच बोलून ठेवा. कीलचा तळ सगळ्यांच्या विस्मरणात जातो. आमच्या होडीला तिसऱ्या वर्षी तिथंच मूठभर बार्नेकल लागले होते.

उतरवायची वेळ ठरवायला आजोबांच्या पिढीची पाऊणकी कामाला येते. तिथीला पाऊणनं गुणलं, की बारानंतर किती वाजता पूर्ण भरती, ते निघतं. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, चतुर्थीला चार पाऊण तीन. म्हणजे मुंबईत उधाणाची भरती नेहमी भरदुपारी आणि मध्यरात्री येते, आणि दिवसाउजेडी ट्रॉलीच्या उतारावर वरपर्यंत पाणी दुपारीच मिळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी सहज वर-खाली होते, मधल्या भांगाच्या दिवसांत होत नाही. म्हणून आमच्या कामाची हद्द पंधरवड्याचीच. पाऊणकीवर अंदाज बांधावा, पण ट्रॉली ढकलण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात अपोलो बंदरची वेळ आणि उंची पाहून घ्यावी. काही जण शिवडीकडच्या चिखलात ओहोटीला होडी टेकवून तिथल्या तिथे रंग द्यायचा विचार करतात. संकष्टीच्या दिवशी ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते, त्यामुळे वेळ मोहात पाडणारी आहे. पण चिखलात बूड कोरडं होत नाही आणि खरवडलेलं सगळं पुढच्या भरतीबरोबर खाडीत जातं. तिथे पाय रोवून उभे असलेले रोहित पक्षी तोच चिखल गाळून खातात. अडीअडचणीला तेवढ्या वेळात सुकाणूला गुंडाळलेला दोर सोडवा, प्रॉपेलर तपासा, पण रंगाचा डबा घरी ठेवा.

होडी पाण्यात गेल्यावर पहिले काही आठवडे तिला चालू ठेवा. नवा रंग वाहत्या पाण्यात कामाला लागतो. तीन आठवड्यांनी रबरी डिंगीतून रेघेवरून हात फिरवा. बुळबुळीत लागलं तर मऊ स्पंजानं अलगद पुसा. ताठ ब्रशनं किंवा काथ्यानं घासलंत तर एका सकाळी दोन महिन्यांचं औषध धुऊन जाईल. खरखरीत, वाळूच्या कणासारखं काही लागलं तर ते बार्नेकलचं पिल्लू. नखानं निघतं तोवर काढा आणि ती जागा वहीत लिहून ठेवा. किती लिटर, कोणत्या तारखेला, कुठल्या बाजूला किती हात, हवा कशी होती, मे महिन्यात काय काय चिकटून आलं, हे सगळं त्या वहीत जातं. आमच्या वहीत सलग दोन वर्षं ‘डावी बाजू, सुकाणूच्या पुढे’ अशी नोंद सापडली. मग लक्षात आलं की तिथे पोचायला अवघड म्हणून दर वेळी तोच एक मित्र ब्रश लांबवून तो भाग रंगवत होता, आणि हात पातळ बसत होता. यंदा तिथे आधी शिडी लावली.